विसण

"अगं, पाणी गार आलं गं!"

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेसहा. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कातल्या मॅडिसन कॅम्पग्राउंडवर आमचा २४ फुटी ट्रेलर, गाडीमागे ओढायचं छोटं घरच ते, उभा होता. रात्री पारा शून्याखाली उतरला होता, खिडकीच्या काचा बाहेरून पांढऱ्या झाल्या होत्या. नदीच्या बाजूनं एल्क हरणाच्या नराची ती लांब, चिरकी शीळ मधूनच येत होती. आणि ट्रेलरच्या वावभर न्हाणीत, मिरजेहून आलेली माझी ७७ वर्षांची आई अंगाला साबण लावून कुडकुडत उभी होती.

"आई, गार नळ उघडलास का तू?"

"किंचितच उघडला. चटका बसत होता. विसण नको का घालायला?"

विसण. कितीतरी वर्षांनी हा शब्द कानावर आला. कढत पाण्यात अंगाला सोसेल इतपत गार पाणी मिसळायचं, ते विसण. मिरजेच्या घरी रोज सकाळी हा शब्द चार वेळा तरी व्हायचा. "विसण घातलंय का बघ आधी, एकदम तांब्या ओतून घेऊ नकोस." कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सच्या आमच्या घरात नळाची दांडी डावीउजवीकडे वळवली की झालं, म्हणून शब्दाची गरजच उरली नव्हती.

आमच्या ट्रेलरमधल्या पाणी तापवायच्या यंत्राला मात्र विसण चालत नव्हतं, हे त्या सकाळी मला पुरतं कळलं. दोन वर्षं ते यंत्र मध्येच विझायचं आणि मी गॅसचा दाब, बॅटरी, वारा असं काहीबाही तपासत बसायचे. आईनं गार नळ किंचित उघडला आणि माझ्या कोड्याचं उत्तर मिळालं.

ते असं. आमचा हीटर टाकी नसलेला. अशा हीटरमध्ये पाणी साठवलेलं नसतं. नळ उघडला की पाणी वाहू लागतं, आतली चकती ते वाहणं ओळखते, पंखा फिरतो, ठिणगी पडते, प्रोपेन पेटतो आणि वेटोळ्या नळीतून जाता जाता पाणी तापतं. पण वाहणं ठरावीक मापाच्या वर असेल तरच. मिनिटाला दोन-तीन लिटरच्या खाली गेलं की यंत्र ज्योत बंद करतं, नाहीतर नळीत थबकलेलं पाणी उकळेल. आता ट्रेलरच्या शॉवरमधून मुळात येतं मिनिटाला चार-पाच लिटर. त्यात तुम्ही गार नळ उघडलात, की तेवढं पाणी हीटरला वळसा घालून येणार आणि हीटरमधून जाणारी धार तेवढी बारीक होणार. धार मापाखाली गेली की ज्योत गेली. माणूस पाणी जरा कोमट करायला जातो आणि अंगावर बर्फगार धार येते. म्हणून ही यंत्रं बनवणारे सांगतात की गार नळाला हात लावू नका, नुसता गरम नळ पूर्ण उघडा, तापमान यंत्रावरच ठरवा. ही सूचना मी वाचलेली होती. पण नळ मिसळणं हाताच्या इतक्या सवयीचं की ती सूचना हातापर्यंत पोचलीच नव्हती.

आईच्या हाताला तर ती पोचणं शक्यच नव्हतं. तिचा हात बंबावर तयार झालेला.

आमचा बंब तांब्याचा होता, कमरेएवढा उंच. मधोमध उभं नळकांडं, त्यात वरून जळण घालायचं: शेणी, तुराट्या, नारळाच्या करवंट्या, हंगाम असेल तेव्हा उसाची चिपाडं. खाली जाळी, जाळीखाली राख. नळकांड्याभोवती पाणी. बंबाच्या डोक्यावर एका बाजूला नरसाळ्यासारखं तोंड आणि दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला तोटी. नरसाळ्यात गार पाण्याची कळशी ओतली की ते थेट तळाशी जायचं आणि वरचं कढत पाणी तोटीतून तेवढंच बाहेर पडायचं. एक कळशी आत, एक कळशी बाहेर. त्यामुळे गरम पाणी घेणाऱ्यानं पुढच्यासाठी पाणी भरलं की नाही हा प्रश्नच यायचा नाही. भरल्याशिवाय मिळायचंच नाही. जळण मात्र ज्याच्या त्याच्या आठवणीवर. आजोबा अंघोळीहून येताना ओल्या पायानं थांबून दोन शेणी आत सरकवायचे. ज्यानं ते केलं नाही त्याच्या नंतरच्याला कोमट पाणी, आणि दिवाळीच्या पहाटे उटणं लावून रांगेत बसलेल्या नऊ माणसांत तो कोण होता हे लगेच कळायचं.

मी पुढे ट्रेलर घेतला तेव्हा त्यातला जुना हीटर उघडून पाहिला आणि मला बंबच दिसला. पोलादी टाकी, ६ गॅलनची. म्हणजे पावणेतेवीस लिटर. आपली एक मोठी बादली आणि वर चार तांबे. गार पाणी तळाशी येणार, कढत पाणी वरून जाणार, मध्ये आगीचं नळकांडं. शेणींच्या जागी प्रोपेन, एवढाच काय तो फरक. त्याचा बर्नर १२,००० बीटीयूचा, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. थंडीतलं नळाचं पाणी कढत करायला त्याला पंचवीस-तीस मिनिटं लागायची. विजेची जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर त्याच टाकीतली विजेची कांडी चालायची, मग गॅस लागत नसे, वेळ मात्र जास्त जायचा.

त्या बंबाची मी नीट देखभाल केली नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. पोलादी टाकीत एक दांडा पिळून बसवलेला असतो, मॅग्नेशियमचा. पाण्यातल्या क्षारांमुळे धातू गंजायचाच असतो. दोन धातू एकत्र असले की जो धातू आपले इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारा तो आधी झिजतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा सहज झिजतं. दांडा आहे तोवर टाकी शाबूत. दर वर्षी तो काढून बघायचा, फार झिजला असेल तर नवा घालायचा. पाच मिनिटांचं काम. मी तीन वर्षं तो काढलाच नाही. चौथ्या वसंतात पलंगाखालची प्लायवूड फुगलेली दिसली. टाकीला सुईएवढं भोक पडलं होतं. दांडा बाहेर काढला तर हातात नुसती तार आली, तिच्यावर राखाडी खडे. तो आपलं काम संपेपर्यंत करत राहिला होता, आणि संपल्याचं बघायला कोणी गेलं नव्हतं.

नवा हीटर घ्यायचा तर टाकी नसलेलाच घे, असं सगळ्यांनी सांगितलं. भिंतीतल्या त्याच भोकात बसतो. तेवीस लिटर पाण्याचं, म्हणजे तेवीस किलोचं ओझं कमी. पाणी वाहत नसताना गॅस जळत नाही. आणि मुख्य म्हणजे गरम पाणी संपत नाही. महाग होता, तरी घेतला. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जिथे जिथे राहिलो तिथे पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या होत्या. चौदा वर्षांची लांब केसांची लेक वीस मिनिटं न्हात बसली, तिच्यामागून धाकटा, मग नवरा, मग मी, आणि शेवटच्याचं पाणीही पहिल्याइतकंच गरम. ते सुख खरं होतं. जुन्या टाकीवर तिसऱ्या माणसाला अर्धा तास थांबावं लागायचं.

पण ट्रेलर घ्यायचं आमचं कारण जोडण्यांची जागा हे नव्हतं. आम्हाला राहायचं होतं ते मॅडिसनसारख्या ठिकाणी. गिबन आणि फायरहोल या दोन नद्या मिळून मॅडिसन नदी होते, तिच्या काठची पाइनची झाडी. इथे ट्रेलरला जोडायला काही नाही. अंघोळीच्या सार्वजनिक न्हाण्याही नाहीत. येताना जे पाणी भरून आणाल ते. आमच्या ट्रेलरची पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. सांडपाण्याची त्याहून लहान, १२० लिटर. ती भरली की ट्रेलर उचलून कॅम्पग्राउंडच्या गटारजागी नेऊन रिकामी करायची. पार्कात जमिनीवर सांडपाणी सोडणं बेकायदा आहे आणि असायलाच हवं, त्या फायरहोल नदीत ट्राउट मासे आहेत.

मग न संपणाऱ्या गरम पाण्याचा अर्थ काय राहिला? मिनिटाला पाच लिटर धरले तर चौघांच्या सहा-सहा मिनिटांच्या अंघोळीत १२० लिटर गेले. वर ज्योत अखंड पेटू शकते, पण खालची टाकी भरली. जुन्या हीटरची ६ गॅलनची टाकी पाच-सात मिनिटांत गार व्हायची आणि आम्ही तिच्यावर चिडायचो. ती गार होणं हेच आमचं माप होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पाणी वाचवायची रीत आरव्हीवाल्यांना, म्हणजे असं चालतं घर घेऊन फिरणाऱ्यांना, ठाऊक असते. अंग भिजवायचं, शॉवरच्या तोंडाशी असलेली खटकी दाबून पाणी थांबवायचं, साबण लावायचा, पुन्हा पाणी. टाकीच्या हीटरला याचं काही नाही. पाणी आत गरम आहे तसं राहतं. टाकी नसलेल्याला मात्र थांबणं म्हणजे विझणं. खटकी उघडली की आधी नळीतलं उरलेलं गरम पाणी, मग यंत्र पुन्हा पेटेपर्यंत शिरलेलं गार पाणी, मग पुन्हा गरम. इंग्रजीत याला कोल्ड वॉटर सँडविच म्हणतात. ते गार पाणी अंगावर घ्यायचं नसेल तर सोडून द्यायचं. सोडून दिलेलं पाणी १५० लिटरमधून वजा आणि १२० लिटरमध्ये जमा. पाणी वाचवणाऱ्यालाच शिक्षा. ही गोष्ट मला अजूनही बोचते.

आईला त्या दिवशी मी टॉवेल दिला, केटलभर पाणी शेगडीवर तापवून दिलं. तिनं अंघोळ उरकली, देवाला हात जोडले, आणि चहा घेता घेता विचारलं, "या गिझरचा धूर कुठं जातो?"

हा प्रश्न तिनं आल्या दिवसापासून तीनदा विचारला होता. आपल्याकडे बंद न्हाणीत लावलेल्या गॅस गिझरमुळे माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेत गेल्यासारखा जातो. तिच्या माहितीतल्या एका घरात असं झालेलं. मी तिला ट्रेलरच्या बाहेर नेऊन भिंतीतलं हीटरचं दार दाखवलं. आगीला लागणारी हवा बाहेरून येते, जळलेला वायू बाहेरच जातो, आतल्या हवेशी त्याचा संबंध नाही. शिवाय आत वायू ओळखणारा गजर आहे. तिनं गजराचं बटण स्वतः दाबून बघितलं. तो कर्कश वाजल्यावर तिचं समाधान झालं. न्हाणीच्या आत गॅस गिझर लावणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न आईइतक्या चिकाटीनं विचारावा असं मला कळकळीनं वाटतं.

गिझर हा शब्द आपण इतका आपला केलाय की तो आला कुठून हे विसरतो. आइसलंडमध्ये गेसिर नावाचा उष्ण पाण्याचा फवारा आहे, त्यावरून सगळ्याच फवाऱ्यांना ते नाव पडलं. लंडनच्या बेंजामिन मॉहननं १८६८ साली न्हाणीत वाहतं पाणी गॅसवर तापवणारं यंत्र केलं आणि त्याला गिझर म्हटलं. त्याला धुराडंच नव्हतं. आईची भीती दीडशे वर्षं जुनी आहे. पुढे १८८९ मध्ये पिट्सबर्गमध्ये एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या अभियंत्यानं आपोआप चालू-बंद होणारा टाकीचा हीटर केला. म्हणजे टाकी नसलेला आधी, टाकीचा नंतर. मला उलटं वाटायचं.

दुपारी आम्ही ओल्ड फेथफुल हा यलोस्टोनमधला उष्ण पाण्याचा फवारा बघायला गेलो. मॅडिसनहून २६ किलोमीटर. लाकडी बाकांवर माणसं बसली होती, पुढच्या फवाऱ्याची वेळ फलकावर होती, दहा मिनिटं इकडेतिकडे. आईनं विचारलं, "वेळ कशी कळते यांना?" रेंजर बाईंनी सांगितलेलं मी तिला मराठीत सांगितलं. आधीचा फवारा किती वेळ चालला त्यावरून. थोडक्यात आटोपला असेल तर पुढचा लवकर येतो. चार-पाच मिनिटं चालला असेल तर खालचं पाणी जास्त संपलेलं असतं, ते पुन्हा भरून तापायला दीड तास किंवा जास्त लागतो. १९५९ च्या हेब्गेन लेकच्या भूकंपानंतर हे थांबणं आणखी वाढलं, जमिनीखालच्या वाटा हलल्या.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बंबच की. जास्त उपसलं की जास्त थांबा."

तेवढ्यात जमिनीतून पाणी उसळलं. ती उभी राहिली, पदर सावरला आणि हात जोडले. शेजारच्या बाकावरचं एक आजी-आजोबांचं जोडपं तिच्याकडे बघून उभं राहिलं.

परतताना तिनं बादली घ्यायला लावली. पार्काच्या बाहेर, वेस्ट यलोस्टोन गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पाच गॅलनची बादली मिळाली, रंगकामाला वापरतात तसली, उंच, तारेच्या कडीची. तांब्या तिच्या बॅगेत होता; मिरजेहून येताना ती स्टीलचा तांब्या घेऊनच आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत तिच्याबरोबर उभी राहिले. शॉवरचा दांडा बादलीत सोडला. फक्त गरम नळ, पूर्ण उघडा. आधी नळीतलं गार पाणी आलं, यंत्र पेटायला लागणारे काही सेकंद गारच आलं, मग वाफाळतं. एरवी ते पहिलं गार पाणी मी मोरीत सोडायचे. आता ते बादलीच्या तळाशी साठलं होतं, आणि वर कढत पाणी पडत होतं. आईनं हात घालून पाणी ढवळलं.

"विसण आधीच पडलंय," ती म्हणाली. "बास कर."

बारा-तेरा लिटरमध्ये तिची अंघोळ झाली. एक थेंब वाया गेला नाही. यंत्र एकदा पेटलं, एकदाच विझलं. मधल्या गार धारेचा प्रश्न नाही, नळ मिसळायचा प्रश्न नाही. मी ज्याला त्या यंत्राचे दोष म्हणत होते ते सगळे शॉवरखाली उभं राहण्याचे होते. मिनिटाच्या हिशेबानं न्हाणाऱ्याला ते यंत्र छळतं, बादलीच्या हिशेबानं न्हाणाऱ्याला छळत नाही.

त्या दिवसापासून पाचही जण बादलीनं न्हायलो. पाच माणसं, पासष्ट-सत्तर लिटर. लेकीनं पहिल्या दिवशी कुरकुर केली, तिच्या केसांना दीड बादली लागली, आजीनं ती अर्धी बादली हसत मान्य केली आणि स्वतः तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी घातलं. न्हाणीत जागा नाही म्हणून आजी दारात स्टुलावर बसलेली, नात आत वाकलेली. बाहेरून मला फक्त तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता.

मला हल्ली कुणी विचारलं की टाकीचा घ्यावा की बिनटाकीचा, तर मी आधी विचारते, राहणार कुठे? यलोस्टोनमधल्याच फिशिंग ब्रिजसारख्या, तिन्ही जोडण्या असलेल्या जागी राहणार असाल आणि घरात माणसं जास्त असतील, तर बिनटाकीचा घ्या, त्याचं सुख पुरेपूर घ्या. रानात, भरून नेलेल्या पाण्यावर राहणार असाल तर साधी ६ गॅलनची टाकी घ्या. तिला बारीक धारही चालते, भांडी घासताना हात धुवायला ते फार मोठं आहे. थंडीत ती लवकर गोठत नाही, साठलेली ऊब रात्रभर थोडी राहते. बारीक नळ्यांची वेटोळी मात्र एका कडक रात्रीत फुटू शकतात. आणि ती टाकी घ्याल तर दर वर्षी तो दांडा काढून बघा. हे मी हात जोडून सांगते.

आम्ही मात्र बिनटाकीचाच ठेवलाय. चालत्या वस्तूला टाकून द्यायचं नाही, हेही बंबाच्याच घरातलं. त्याच्या नळ्यांत कोलोरॅडोच्या पाण्याचे क्षार बसतात, ते वर्षातून एकदा व्हिनेगर फिरवून काढते. बादली न्हाणीत कायमची आहे.

मिरजेत आता बंब माळ्यावर आहे. गच्चीवर सोलर बसलाय. त्याचंही तेच, पहिली दीड बादली गारच येते. आई ती एका पिंपात धरते आणि त्यावर कपडे भिजवते. परवा फोनवर ती म्हणाली की वरच्या मजल्यावरची माणसं ते पाणी रोज मोरीत सोडून देतात, आवाज येतो. तिला तो ऐकवत नाही.

ऑक्टोबरमध्ये ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद केला. सगळे नळ उघडून पाणी सोडलं, हवेच्या पंपानं नळ्या फुंकून काढल्या, हीटरचं तळाचं बूच काढून उरलेल्या पेलाभर पाण्याचा थेंब न् थेंब निथळू दिला, मग मोरीखालच्या, पाणी अडून राहणाऱ्या वाकड्या नळ्यांत गोठू न देणारं गुलाबी द्रव ओतलं. आईचा तांब्या तिथेच राहिला होता. "असू दे गाडीतच," ती विमानतळावर म्हणाली होती, "पुढच्या वेळी पुन्हा कुठं वागवू?" तो आतून-बाहेरून पुसून कोरडा केला आणि बादलीत उपडा ठेवला.